रेक्स काकांची युट आणि शून्य दाखवणारे मीटर

वॉलरू,
ईस्टरला अजून अवकाश असलेला एक रविवार

ती. ग्लेनिस काकूंस,

ब्रेंटनचा साष्टांग नमस्कार. केरिनचाही (ती दवाखान्यात ड्यूटीवर आहे, तिचा नमस्कार मी तिला न विचारता घालतो आहे).

तुमचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या क्लेअर गावात सकाळी गारवा पडायला लागला असेल, तेव्हा पहाटे कोंबड्यांकडे जाताना काठी घेत जा. कोंबड्या कोणाला सांगणार नाहीत. तुम्ही पाठवलेला जर्दाळूचा जॅम संपला. बरणी धुऊन ठेवली आहे आणि ती रिकामी परत करायची नाही एवढं ठरलं आहे. आत काय घालायचं ते ठरलेलं नाही. पत्राच्या सुरुवातीला 'इकडे सर्व क्षेम' असं लिहून टाकायची रीत आहे. मीही लिहिलं होतं, मग खोडलं, कारण 'सर्व' या शब्दात रेक्स काकांची युट, ती उघड्या हौद्याची जुनी गाडी, येते की नाही याबद्दल माझं मन मला खाऊ लागलं. म्हणून असं लिहितो: इकडे माणसांचं क्षेम आहे.

आता वाहनाकडे वळतो. डॅरिलने तुम्हाला बहुधा एक फोटो दाखवला असेल. नसेल दाखवला तर हा परिच्छेद सोडून पुढे जा. त्या फोटोत काकांची युट होड्या उतरवायच्या उतारावर, पुढची चाकं समुद्रात घालून उभी आहे, टपावर एक पेलिकन बसला आहे आणि मी गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याच्याशी काहीतरी बोलतो आहे. (मी त्याला शिव्या देतो आहे असं फोटोखाली कोणीतरी लिहिलं आहे. ते खोटं आहे. मी विनंती करत होतो.) गावाच्या फेसबुक पानावर तो फोटो फिरला, तिथून तो पोर्ट पिरीला डॅरिलच्या नर्सरीपर्यंत पोचला, आणि तुमचा भाचा असल्या बाबतीत किती तत्पर आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. खारं पाणी फक्त टायरपर्यंत आलं होतं. नंतर मी गाडी गोड्या पाण्याने खालून धुतली, आणि शंका राहू नये म्हणून पुन्हा धुतली.

काका गेल्यावर किल्ली माझ्या हातात देताना तुम्ही जे म्हणालात ते मला पाठ आहे. चालती ठेवशील तोवर तुझी, बंद पडली की डॅरिलची. डॅरिलला ती कशाला हवी आहे तेही तुम्हाला ठाऊक आहे: नर्सरीच्या दाराशी उभी करायची, मागच्या हौद्यात लॅव्हेंडर आणि बोनेट उघडून इंजिनाच्या जागी पेटुनिया. लोक फोटो काढायला थांबतील, म्हणतो. ज्या इंजिनाशी काका आयुष्यभर गप्पा मारत आले त्याच्या जागी शेणखत भरलेलं मला बघवणार नाही. म्हणजे ईस्टरच्या जेवणाला ती गाडी तुमच्या फाटकातून स्वतःच्या पायांनी आत यायला हवी, एवढाच माझा सध्या जगण्याचा हेतू आहे. (केरिन म्हणते, आपल्याला दोन मुलंही आहेत.)

तर दुखणं असं की बॅटरी रात्रीतून उतरते. संध्याकाळी गाडी ठणठणीत, सकाळी किल्ली फिरवली की नुसतं 'टक'. नवी बॅटरी घातली, तिनेही जुनीचाच कित्ता गिरवला. शेजारचा मर्व्ह (गव्हाच्या कोठारांवरून निवृत्त, एक होडी, एक कुत्रा आणि प्रत्येक विषयावर एक मत बाळगून आहे) सुरुवातीला धक्का मारायला यायचा. मग एके दिवशी म्हणाला, "मास्तर, गाडी तुझी आहे, पण कंबर माझी आहे. उतारावर लावत जा." काकू, वॉलरू तुम्ही पाहिलेलं आहे. अख्खं गाव तव्यासारखं सपाट. उतार म्हणावा असा एकच, आणि तो थेट समुद्रात जातो. मी त्याच्या तोंडाशी गाडी लावू लागलो. पहाटे खेकड्यांना निघालेले लोक मागे होड्या घेऊन रांगेत उभे राहायचे, मी ब्रेक सोडायचो, गाडी घरंगळायची, गियर टाकला की खोकत खोकत चालू व्हायची, आणि रांगेतून टाळ्या. फोटोच्या दिवशी ती खोकली, पण चालू झाली नाही, आणि मी 'आता होईल, आता होईल' म्हणत ब्रेक दाबायचं लांबवत राहिलो. त्यात आशा किती होती आणि टाळ्यांचा मोह किती, यावर मी रोजनिशीत पुष्कळ लिहिलं आहे. निष्कर्ष माझ्या बाजूने नाही.

त्या संध्याकाळी केरिनने ओली पँट दोरीवर टाकत शांतपणे विचारलं, बॅटरी रात्रभर कोण खातंय ते शोधायचं सोडून तू तिला रोज सकाळी समुद्र का दाखवतोस? मुद्दा बिनतोड होता. शोधायचं म्हणजे मोजायचं, आणि मोजायचं म्हणजे मल्टिमीटर हवा. माझी समजूत अशी की दुकानात जायचं आणि एक उचलायचा. पण मी इतिहास शिकवतो. दोन साधनं पडताळून पाहिल्याशिवाय मी मुलांना लढाईची तारीखसुद्धा सांगत नाही. मी वाचायला बसलो, आणि जितकं वाचलं तितका मीटर दूर गेला. गाडीची वीज बारा व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी. घरची दोनशे तीस व्होल्टची आणि सतत उलटसुलट होणारी. एक गाय, एक बैल. दोघांना एकाच दाव्याला बांधता येईल का, हा प्रश्न. येतं, पण मग त्या मीटरवरचे रोमन आकडे बघावे लागतात. मला आधी ते सनावळीतलं काही वाटलं. ते असतं घरच्या विजेचा झटका मीटर कुठवर सोसू शकतो त्याची पायरी: दोन म्हणजे प्लगला लावायच्या वस्तूंपुरता, तीन म्हणजे भिंतीतल्या वायरिंगपर्यंत. मी तीनचा आकडा मनात धरला. मग दिसलं की अगदी खेळण्यातल्या वाटणाऱ्या मीटरवरही तीन छापलेलं असतं. मर्व्हला विचारलं, त्यावर विश्वास ठेवावा का? तो म्हणाला, "माझ्या कुत्र्याच्या पट्ट्यावर 'चॅम्पियन' लिहिलंय."

शनिवारी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर नेटबॉल क्लबच्या बायका सॉसेज भाजत होत्या. पावात सॉसेज, त्यावर कांदा, आणि रांगेतल्या प्रत्येकाचं एक मत फुकट. एकाने सांगितलं, रेंज आपोआप बदलणारा घे. त्याच्या मागचा म्हणाला, हाताने बदलणारा घे, डोकं गंजत नाही. सॉसेज उलटणाऱ्या बाईंनी चिमटा माझ्याकडे रोखून सांगितलं की मीटर बीप वाजवणारा हवा. बोनेटमध्ये डोकं घातलं की पडद्याकडे मान वळत नाही, वायर तुटली की जोडलेली आहे ते कानाने कळलं पाहिजे. एवढं एकच मत मला पटलं. मी ते लिहून घेतलं, दुकानात शिरलो, काचेच्या कपाटापुढे बराच वेळ उभा राहिलो आणि काही न घेता बाहेर आलो. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तोवर सॉसेजवाल्या बाई मला न विचारता कांदा जास्त घालू लागल्या होत्या.

अडचण कायद्याचीही होती. आमच्या धुण्याच्या खोलीतला प्लग अधूनमधून रुसतो, आणि मीटर घ्यायचाच तर त्याचीही नाडी बघता येईल असा माझा विचार होता. पण परवान्याशिवाय घरच्या वायरिंगला हात लावायचा नाही, साधं बटणसुद्धा बदलायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे (आणि प्रत्येक गॅरेजमध्ये बटणांचा एक खोका असतो हेही). मी दुकानदार डेसला विचारलं, प्लगच्या भोकात मीटरची पिन घालणं म्हणजे नुसतं बघणं की हात लावणं? डेसने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत सांगितलं की मीटर विकायला परवाना लागत नाही, त्याच्यापुढे त्याने कधी विचार केलेला नाही. शेवटी मी गावातल्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. त्याची वेळ ईस्टर उलटेपर्यंत मिळणार नव्हती. त्याने विचारलं, मोजणार कशाला? म्हटलं, बिघाड आहे का ते कळावं म्हणून. कळल्यावर काय करणार? म्हटलं, तुम्हाला फोन. "तो तर तू आत्ताच केलायस," तो म्हणाला, आणि प्लगचा विषय संपला. आमचे कपडे सध्या स्वयंपाकघरातून ओढलेल्या एक्स्टेन्शनवर धुतले जातात.

उरली गाडी. आणि काकू, इतकं वाचून, इतका कांदा खाऊन, मी चुकीचा मीटर घेतला. तो दिसायला फार देखणा होता. त्याला खेकड्याच्या नांगीसारखा, उघडझाप होणारा एक आकडा होता. वायर न कापता, न सोडवता नुसती त्या आकड्यात धरायची, आतून किती वीज वाहते ते पडद्यावर. कशाला धक्का लावायचा नाही, काही मोडायचं नाही, नुसतं प्रेमाने कवेत घ्यायचं: माझ्या स्वभावाला इतकं साजेसं अवजार मी पाहिलेलं नव्हतं. संध्याकाळी गाडी बंद करून बॅटरीची केबल आकड्यात धरली. शून्य. म्हणजे बॅटरी कोणीच खात नाही. मी आनंदाने केरिनला बाहेर बोलावून शून्य दाखवलं. सकाळी 'टक'. पुन्हा धरली, पुन्हा शून्य. सकाळी पुन्हा 'टक'. मग भिंग घेऊन माहितीपत्रक वाचलं. तो आकडा फक्त घरच्या उलटसुलट विजेचा प्रवाह मोजतो. गाडीच्या एकदिश प्रवाहापुढे तो जन्माचा आंधळा. दोन्ही मोजणारा आकडा मिळतो, पण तो कपाटाच्या वरच्या फळीवर असतो आणि मी लाजून वर बघितलं नव्हतं. थोडक्यात, घराला हात लावायची मला बंदी, आणि माझा मीटर फक्त घराचा.

डेसने तो परत घेतला (तेवढा तो सज्जन आहे) आणि साधा, दोन पिनांचा, बीप वाजवणारा मीटर दिला. हा मीटर आल्यावर पहिले दोन दिवस मी घरात काय काय मोजलं ते विचारू नका. ड्रॉवरमधल्या सगळ्या जुन्या सेलांची जिवंत, आजारी आणि मृत अशी वर्गवारी केली. कोरड्या अंगठ्याचा रोध मोजला, चाटलेल्या अंगठ्याचा मोजला. मुलांनी आजीच्या (केरिनच्या आईच्या) श्रवणयंत्राचा सेल मागून आणला, तेव्हा केरिनने मोजणी बंद करायला लावली. तिसऱ्या दिवशी गाडीकडे वळलो. प्रवाह मोजायचा तर लाल पिन मीटरच्या वेगळ्या भोकात घालावी लागते, ती घातली. इतक्यात केरिन कामावरून आली आणि तिने सहज विचारलं, बॅटरीत सध्या जीव किती आहे? मी चकती व्होल्टवर फिरवली, पिन मात्र प्रवाहाच्याच भोकात राहिली, आणि दोन्ही टोकं थेट बॅटरीवर टेकवली. एक ठिणगी, 'फट्', आणि मीटरच्या पडद्यावर शांतता. केरिन म्हणाली, "बराच जीव आहे." ती घरात गेल्यावर मी स्वतःला सावरून पुस्तकात सांगितलं होतं तसं केलं: बॅटरीचं काळं टोक सोडवून मधे मीटर जोडला. पडद्यावर शून्य. मला इतकं बरं वाटलं की मीटर काढून टोक परत बॅटरीला जोडलं आणि झोपायला गेलो. पहिल्या मीटरने उगाच शून्य दाखवलं होतं, पण दुसऱ्यानेही तेच दाखवलं म्हणजे दोन स्वतंत्र साधनांनी पुरावा दिला. (मी हे वर्गात शिकवतो, काकू.)

सकाळी 'टक'.

केरिन चहा घेऊन बाहेर आली. तिचं म्हणणं एवढंच होतं की ताप नाही असं सांगायच्या आधी नर्स थर्मामीटर फुटका नाही ना ते बघते. तिने मला दिवे लावायला लावले. थेट बॅटरीवर ते मिणमिणले, मग मीटर पुन्हा मधे जोडला. दिवे लागले नाहीत. मीटरही शून्यावर. म्हणजे मीटरमधून काही जातच नव्हतं. ठिणगी पडली तेव्हाच त्याच्या पोटातला फ्यूज उडाला होता, आणि मी मेलेल्या वैद्याच्या बोटांनी नाडी बघत होतो. नवा फ्यूज घातला, मर्व्हचा चार्जर आणून बॅटरी भरली, दिवे लावून आकडा येतो हे आधी पाहिलं, मग दिवे बंद केले. आकडा शून्यावर गेला नाही. आठ अँपिअर! बंद गाडीत! मी अंगणात बसलो. इतकी भूक तर पुढच्या दिव्यांना असते. मग फ्यूजच्या डब्यातला एकेक फ्यूज काढत गेलो, आकडा जागचा हलेना. शेवटी बॅटरीपासून हाताने चाचपडत गेलो आणि मला एक जादा वायर सापडली. ती सोडवली. आकडा शून्य, आणि या वेळी खरा शून्य. त्यानंतर गाडी रोज सकाळी पहिल्या फटक्यात चालू होते, घरापुढे सपाटीवर उभी असते आणि पेलिकनला ओळख देत नाही.

ती वायर कसली होती ते लिहून तुमचा वेळ घेत नाही. जुन्या गाडीत अशा वायरी असतात. ईस्टरला येतोच आहोत. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक,
ब्रेंटन

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण असं की ईस्टरच्या आधी डॅरिलने पुन्हा विषय काढला तर 'गाडी चालू आहे' एवढं तुम्ही त्याला आपल्या तोंडाने सांगावं. त्याने पेटुनियाची रोपं ट्रेमध्ये लावायला घेतली आहेत असं ऐकतो. रोपांचा जीव जाऊ नये.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घातलं आणि पुन्हा बाहेर काढलं. 'जुन्या गाडीत अशा वायरी असतात' हे वाक्य मला झोपू देणार नाही. ती वायर काकांनी स्वतःच्या हाताने, इंजिनाच्या बाकीच्या वायरींत गुंफून, चटईखालून सीटच्या मागे नेली होती. तिथे त्यांच्या फुटबॉलच्या जुन्या मफलरखाली डब्याएवढा एक ओव्हन बसवलेला आहे, ट्रकवाले जेवण गरम करायला ठेवतात तसला. मी मुलांच्या क्रिकेटची पिशवी मागे कोंबली तेव्हा त्याचं बटण दाबलं गेलं असणार. (गाडी चालवताना पाठीला एक ऊब लागायची. ती मी काकांच्या आठवणीच्या खाती जमा करत होतो.) ओव्हनमध्ये पेस्टीचा, त्या मांस-बटाटा भरलेल्या करंजीचा, चुरा आणि टोमॅटो सॉसची छोटी बाटली होती. डॉक्टरांनी काकांची पेस्टी कायमची बंद केली होती आणि तुम्ही त्यांना वाफवलेला भोपळा वाढत होतात, हे मला माहीत आहे. गेलेल्या माणसाचं गुपित ठेवावं की जिवंत माणसाशी खरं बोलावं, यावर मी दोन दिवस घालवले. गुपित ठेवायचं ठरलं. त्याप्रमाणे ओव्हन काढून होडीवर वापरायला मर्व्हला देऊन टाकला. आणि आता हे तुम्हाला लिहितो आहे. माझ्या निश्चयाचा टिकाऊपणा तुम्ही यावरून ओळखावा.

ता. क. तिसरा. पाकीट पुन्हा फोडलं. काल तुमचा फोन आला. डॅरिलने तो फोटो दाखवलाच म्हणालात. मी इंजिनाबद्दल, चाकांबद्दल, खाऱ्या पाण्याबद्दल उत्तरं तयार ठेवली होती. तुम्ही विचारलंत, "सीटमागचा ओव्हन भिजला नाही ना?"

तुमचंच बोलणं तुम्हालाच लिहून पाठवणं विचित्र आहे, पण माझा हात थांबत नाही. मी चाचरत म्हटलं, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? तुम्ही म्हणालात, "अरे, फ्रीझरमधल्या पेस्ट्या आठवड्याला एकेक कमी व्हायच्या, त्या काय माझ्या कोंबड्या खात होत्या? डॉक्टर त्यांना म्हणाले खायच्या नाहीत. मला कोण म्हणालं होतं करायच्या नाहीत?" मग काकांना कधीच का बोलला नाहीत, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी परवानगी दिली असती तर त्यांना पेस्टी भोपळ्यासारखी लागली असती." मग तुम्ही नाक ओढून निकाल दिलात: ओव्हन जागेवर असेल तर गाडी कायमची मला, डॅरिलला पेटुनियासाठी तुमचा जुना बाथटब.

मी 'जागेवरच आहे' असं म्हणालो. काकू, त्या क्षणी तो मर्व्हच्या होडीत होता, होडी समुद्रात होती आणि ओव्हनमध्ये मर्व्हचं जेवण होतं. मी धक्क्यावर त्याची वाट बघत उभा राहिलो. दिलेली वस्तू परत मागतोस आणि पोरांना संस्कार शिकवतोस, इथून त्याने सुरुवात केली. तासभराने तडजोड झाली. ओव्हन आता सीटमागे आहे, वायर पूर्वीसारखीच गुंफली आहे, फक्त बटणावर केरिनने झाकण बसवलं आहे. मीटर लावून बघितला: बटण बंद, शून्य. तेव्हा फोनवर जे खोटं होतं ते हे पत्र पोचेपर्यंत खरं झालेलं आहे, आणि मधल्या दिवसाचा हिशेब तुम्ही मागू नये. तडजोड अशी की ईस्टरला मर्व्ह आमच्याबरोबर येतो आहे. एक पान जास्त वाढावं लागेल. कुत्रा येणार नाही असं तो म्हणतो, पण ते मी लिहून घेतलेलं नाही.

ओव्हनमध्ये दोन पेस्ट्या मावतात. केरिन मांस, बटाटा, कांदा आणि सलगम घालून करते आहे. क्लेअरला पोचेपर्यंत त्या कडकडीत गरम होतील. एक काकांच्या नावाची, ती मी खाईन. दुसरी तुमची. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला काही बंद केलं असेल, तर कृपा करून मला कळवू नका.